पाडव्याला झाडं लावू नका, आधी आहेत ती जगवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या तुमच्या कॉलनीत साधारण अर्ध्या एकराची बाग आहे. लॉन निम्मं वाळलंय, ग्रीन जिमची दोन यंत्रं मोडलीत, संध्याकाळी मुलांच्या क्रिकेटवरून आणि ज्येष्ठांच्या फिरण्यावरून रोज कुरबुर होते. आठ-दहा घरं काहीतरी करायला तयार आहेत, घरटी दोन हजार वर्गणी निघेल. गुढीपाडव्याला शंभर झाडं लावायची आणि नवं लॉन टाकून सुरुवात करायची, असं घाटतंय. झाडं कुठली लावावीत, एवढंच तुम्ही विचारलंय.

झाडांची नावं सांगतोच, पण थोडं थांबून. नर्सरी आणि बागांची देखभाल हाच माझा व्यवसाय आहे. गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड अशा भागांतल्या बऱ्याच कॉलन्यांच्या बागा मी जवळून बघितल्यात. त्यातल्या ज्या टिकल्या त्यांच्यात झाडांची निवड सारखी नव्हती, पैसाही सारखा नव्हता. मे महिन्यातल्या मंगळवारी संध्याकाळी नळीला हात कोण लावणार, हे मात्र प्रत्येक ठिकाणी आधी ठरलेलं होतं. म्हणून माझा आग्रह आहे की या उन्हाळ्यात बागेत नवीन काहीही आणू नका. आहे ते जगवा, त्या निमित्ताने माणसं एकमेकांना ओळखू देत, आणि लागवड आषाढात करा.

पाडव्याचा मुहूर्त मोडवत नाही हे मी समजू शकतो. पण हिशेब बघा. नाशिक शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पाडव्याला लावलेल्या रोपाची मुळं पिशवीतल्या मातीबाहेर पडायच्या आत चैत्र-वैशाखाचं ऊन त्याला गाठतं. शंभर रोपांना दिवसाआड पाणी घालणं दहा घरांच्या आवाक्यातलं नाही. सुट्टीत निम्मी घरं गावी जातात. जूनमध्ये वाळलेल्या काड्यांची रांग दिसली की लोक म्हणतात, ‘बघा, सांगितलं होतं.’ पुन्हा त्याच लोकांकडे वर्गणी मागायला जाणं फार अवघड जातं. रोप मेलं तर दुसरं मिळतं, पण शेजाऱ्यांचा विश्वास एकदा गेला की दोन-तीन वर्षं परत येत नाही.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. जागा नक्की कुणाची? आपण सगळेच ‘मनपाची बाग’ म्हणतो, पण काही बागा विकास आराखड्यातल्या आरक्षित जागेवर असतात, तर काही ले-आउट मंजूर होताना सोडाव्या लागणाऱ्या खुल्या जागेवर. मोठ्या ले-आउटमध्ये साधारण १० टक्के जागा अशी मोकळी ठेवावी लागते. ती मनपाकडे हस्तांतरित झालेली असू शकते किंवा अजून प्लॉटधारकांच्या नावावरही असू शकते. ले-आउटचा मंजूर नकाशा आणि सातबारा उतारा काढा. कॉलनीतल्या एखाद्या जुन्या रहिवाशाच्या फायलीत नकाशा हमखास सापडतो. जागा मनपाच्या ताब्यात असेल तर माळी, पाणी, दिवे यांची जबाबदारी त्यांची, आणि तुम्ही मदतीला. नसेल तर पाण्याच्या जोडणीपासून सगळं तुम्हालाच उभं करावं लागेल आणि घरटी दोन हजारात ते भागणार नाही.

जागा मनपाची निघाली तर तुमच्या विभागीय कार्यालयातल्या उद्यान निरीक्षकांना भेटा. नाशिकला असे सहा विभाग आहेत. तोंडी बोला, चहाही घ्या, पण कागद देऊन या. ‘आम्ही रहिवासी बागेला पाणी देऊ, पालापाचोळा गोळा करून खत करू, कुठलंही बांधकाम करणार नाही, आमच्या पुढील तीन अडचणी सोडवाव्यात’ असा एका पानाचा अर्ज पुरतो. त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच. अधिकारी बदलतात, कागद राहतो. अडचणी तीनच लिहा. पंधरा मागण्यांचं निवेदन दिलं की ते फायलीत जातं. नळ दुरुस्त करून द्या म्हटलं, तर माणूस येतो. मोडक्या यंत्रांचे फोटो याच अर्जाला जोडा आणि तोवर ती दोरीने बांधून ठेवा. लहान मुलांची बोटं हलत्या सांध्यात सापडतात, त्यामुळे या एका बाबतीत वाट बघू नका.

पाण्याकडे वळतो, कारण तिथेच सगळं अडतं. लॉनला कडक उन्हाळ्यात दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ५ लिटर पाणी लागतं. तुमच्या बागेतलं लॉन ५०० चौरस मीटर धरलं, तर रोजचे २५०० लिटर झाले. म्हणजे ५००० लिटरचा टँकर दोन दिवसांत संपला. शहराचं पिण्याचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं, आणि पाऊस ओढ देतो त्या वर्षी उन्हाळ्यात कपात होते. त्या दिवसांत बागेत नळी सोडलेली दिसली तर शेजाऱ्यांचं बोलणं ऐकावं लागतं, आणि त्यांचं काही चुकत नाही. त्यामुळे नवीन लॉन टाकू नका, असंच मी सांगेन. आज जे हिरवं आहे तेवढं राखा. वाळलेल्या भागात तसंही मुलं पळतात. तिथे कितीही पैसे ओतले तरी गवत धरणार नाही, आणि दाट सावलीतही ते धरत नाही. तो भाग मुरूम पसरून, दाबून, सरळ मुलांना द्या.

बागेत बोअर असेल तर एप्रिल-मेमध्ये त्याचं पाणी किती वेळ चालतं, हे माहीतगाराला विचारून घ्या. पंप पंधरा मिनिटांत हवा खेचायला लागत असेल तर टाकी भरून ठेवून वापरावं लागेल. मलशुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने मिळण्याची सोय आहे का, हेही विभागात विचारा. मोठ्या झाडांच्या आळ्यात ते चालतं, फक्त मुलं लोळतात त्या गवतावर शिंपडू नका.

आता या उन्हाळ्यात करायचं काय? एका रविवारी सकाळी चार-पाच जणांनी वही घेऊन बागेतल्या प्रत्येक झाडापाशी थांबा. नाव, उंची आणि काय दुखतंय ते लिहा. तुम्हाला बहुतेक हे दिसेल: कधीतरी लावलेली लोखंडी जाळी झाडाने कधीच मागे टाकलीय, तिची वरची कडी खोडात रुतलीय आणि साल तिच्यावर ओठासारखी चढलीय. जाळी ओढून काढायला जाऊ नका, साल सोलून निघते. कटरने मोकळा भाग कापून घ्या आणि आत गेलेली तार तशीच राहू द्या, झाड तिला गिळून घेतं. खोडाला ठोकलेले खिळे आणि पाट्या, दिवाळीच्या माळांच्या आवळलेल्या तारा काढा. बुंध्याशी मातीचा ढीग घातलेला असेल तर तो बाजूला करा. जमिनीला टेकताना खोड रुंद होतं, तो भाग उघडा दिसला पाहिजे, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते.

मोठ्या झाडाचं आळं बुंध्याला चिकटून करतात, ते काही उपयोगाचं नाही. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकाखाली पसरलेली असतात, म्हणून आळं तिथे, गोल चर काढून करा. दहा-पंधरा दिवसांतून एकदाच पण भरपूर पाणी द्या. पाणी पुरेसं झालं का, हे बघायला दुसऱ्या दिवशी एक लोखंडी सळई जमिनीत खुपसा. ओलाव्यात ती सहज जाते आणि कोरडं लागलं की अडते. फूटभर गेली तर ठीक. चर भरून झाला की त्यावर वाळक्या पानांचा चार बोटं थर पसरा, फक्त खोडापासून वीतभर लांब. या एका थराने पाण्याची पाळी कितीतरी लांबते.

याच तपासणीत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट बघा. बुंध्यापर्यंत फरशी आणलेली असेल तर अर्जात ते लिहाच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवतीचा एक मीटर भाग काँक्रीटमुक्त करायचा आदेश दिला होता. तोच मापदंड आपण धरायला हरकत नाही. वाळकी किंवा लोंबणारी मोठी फांदी दिसली तर स्वतः कुऱ्हाड घेऊ नका. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीचंही आधी विभागाला विचारूनच करा. फोटोसह पत्र दिलं की काम त्यांच्याकडून होतं, आणि शिडीवरून पडून कुणाचे हातपाय मोडत नाहीत.

पालापाचोळ्याचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना शिरता येतं. माघ-फाल्गुनात पानगळ होते आणि बहुतेक बागांत ती पानं पेटवतात. ते बंद करा. त्याला मनाई आहेच, शिवाय दमेकऱ्यांना तो धूर फार त्रास देतो. कोपऱ्यात चार लोखंडी खुंट रोवून तारेची जाळी गुंडाळा, साधारण तीन-चार फूट रुंद आणि तेवढीच उंच. फूटभर पानं, त्यावर शेणकाला किंवा जुनं खत, पुन्हा पानं, असे थर द्या. मूठभर घेऊन पिळल्यावर हाताला ओल लागली पाहिजे पण थेंब पडता कामा नये. दोन-तीन आठवड्यांनी वरखाली करा. वास यायला लागला तर पाणी जास्त झालंय, कोरडी पानं घाला. आज भरलेली जाळी आषाढापर्यंत काळं, भुसभुशीत खत देते, म्हणजे नेमकं लागवडीच्या वेळी. घरातला ओला कचरा मात्र इथे टाकू देऊ नका. उंदीर आणि कुत्री येतात, आणि मग सगळ्याच कामाला विरोध सुरू होतो. तो घंटागाडीतच जाऊ दे.

क्रिकेटच्या वादाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण माझ्या मते बाग तिथेच तुटते किंवा जुळते. ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी लावून मुलं थांबलेली मी कुठे बघितली नाहीत. ती शेजारच्या रस्त्यावर खेळतात आणि बागेवर रागही धरतात. नाशिकरोडकडच्या एका कॉलनीत यावर झालेली बैठक मला चांगली आठवते. मुलांना बोलावलं होतं, ती कठड्यावर बसली होती. एक मुलगा म्हणाला, ‘सहा ते साडेसात आम्ही बॅट काढत नाही, पण रविवारी सकाळी दहापर्यंत मैदान आमचं. कुणी ओरडायचं नाही.’ समोरच्या आजी लगेच म्हणाल्या, ‘चालेल. पण मंगळवारी नळी तुम्ही ओढायची.’ फक्कीने मैदानाची हद्द आखली, साधा टेनिस बॉलच वापरायचा असं ठरलं. मुलांनी मंगळवार पाळले. परीक्षेच्या दिवसांत चुकले, तेव्हा आजींनी शेजारणींना घेऊन पाळी सांभाळली.

तुमच्याकडे वेळा वेगळ्या असतील. त्या अंदाजाने ठरवू नका. एक आठवडा कुणीतरी वहीत टिपून ठेवा: कोण, किती वाजता येतं, कुठून शिरतं, कुठे बसतं. दुपारी चारला येणाऱ्या बायका बैठकीला कधीच नसतात, पण कुठला दिवा बंद आहे आणि कुठल्या बाकाजवळ टवाळखोर बसतात, हे त्यांनाच पक्कं माहीत असतं. त्यांच्याकडे जाऊन विचारा. लोक गवतातून आडवे जाऊन जी पायवाट पाडतात, ती बुजवू नका. खरा रस्ता तोच असतो, तिथेच मुरूम टाका.

पैशांचं थोडक्यात. घरटी दोन हजार एकदम घेण्यापेक्षा महिन्याला शंभर घ्या. एकदम घेतलेला पैसा एकदम खर्च होतो आणि त्यात नेहमी दिसणाऱ्या वस्तू येतात: बाक, कारंजं, नावाची कोनशिला. महिन्याच्या पैशातून माळीदादांचा जादा वेळ, नळीचा जोड, कुदळीचा दांडा असं चालतं. हिशेब कागदावर लिहून बागेच्या फलकावर लावा. कॉलनीची नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्या खात्यातून व्यवहार करा. नसेल तर रोख गोळा करण्याऐवजी एकेका घराने एकेक वस्तू आणून द्यावी, तेच सोपं पडतं. आणि माळी मनपाचा असो की तुमचा, त्याला दहा जणांनी दहा कामं सांगू नयेत. एकाच माणसाने बोलायचं, ते काम कॉलनीतल्या सगळ्यात शांत व्यक्तीकडे द्या. त्याला गमबूट, चांगली कात्री आणि दुपारी बसायला सावली मिळाली पाहिजे.

इथवर आलात की लागवड. अर्ध्या एकरात शंभर झाडं बसत नाहीत. पंधरा-वीस फुटांवर एक धरलं आणि खेळायची जागा, चालायची वाट सोडली, तर आहेत त्यांच्यात पंचवीस-तीस फार झाली. त्याहीपेक्षा, जितकी घरं दोन उन्हाळे पाणी द्यायला बांधील असतील, त्याच्या दुप्पट झाडं लावा, त्याहून एकही जास्त नको. प्रत्येक घराला दोन झाडं आणि घर गावी गेलं तर बदली कोण, हेही लिहून ठेवा.

खड्डे मे महिन्यातच दोन-अडीच फुटांचे खणा, उन्हात तापू द्या. जूनअखेर किंवा जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर तुमच्याच जाळीतलं खत मातीत मिसळून लावा. रोप पाच-सहा फुटांचं, खोड लाकूड धरलेलं घ्या. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळं गोल वेटोळी झालेली दिसली तर ब्लेडने कापून मोकळी करा. हे न केल्याने पुढे चार-पाच वर्षांनी वादळात झाडं उपटतात. आधाराला काठी द्या आणि बांधायला जुन्या सुती कापडाची पट्टी वापरा. दसऱ्यानंतर पाणी सुरू करा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा, दर झाडाला एक बादली भरून.

आता नावं. चालायच्या वाटेकडेला सावलीसाठी कडुनिंब, करंज आणि थोड्या धीराची तयारी असेल तर बकुळ. बकुळ हळू वाढते, पण वर्षभर हिरवी राहते. फुलांसाठी बहावा, कांचन आणि ताम्हण. बहावा वैशाखात पिवळाधमक होतो. ताम्हण आपलं राज्यपुष्प आहे, पण त्याला ओल जास्त लागते, म्हणून नळाजवळ लावा. एक आपटा लावा, दसऱ्याला मुलांना खरा आपटा ओळखता येईल. बाजारात पुष्कळदा कांचनाचीच पानं त्या नावाने मिळतात. वड, पिंपळ, उंबर पक्ष्यांसाठी उत्तम, पण कंपाउंडची भिंत आणि पाण्याची लाइन यांपासून भरपूर लांब जागा असेल तरच. खेळण्यांजवळ गुलमोहर नको, त्याच्या फांद्या वादळात मोडतात. झटपट हिरवळ म्हणून कोणी कोनोकार्पस सुचवलं तर नको म्हणा, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली आहे. निवड करण्याआधी सगळ्यांनी मिळून सातपूरच्या फाशीच्या डोंगरावरच्या नाशिक देवराईत एक चक्कर मारा. आपल्या मातीतली झाडं वाढताना कशी दिसतात, हे नर्सरीच्या पिशवीत कळत नाही.

एक नाजूक गोष्ट. बाग जरा बरी दिसायला लागली की कोपऱ्यात छोटंसं मंदिर बांधू, असं कुणीतरी मनापासून सुचवतं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशात सार्वजनिक उद्यानांत आणि रस्त्यांवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असं सगळ्या धर्मांच्या बाबतीत स्पष्ट सांगितलंय. हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर बोलून टाका, म्हणजे पुढे कुणाचा अपमान होत नाही आणि मनपाकडे दिलेला ‘बांधकाम करणार नाही’ हा शब्दही राहतो. गणपतीतल्या निर्माल्याची सोय मात्र बागेत छान होते. दोरे आणि प्लास्टिक काढून फुलं पानांच्या जाळीत टाका.

झाडांची यादी पक्की करण्याआधी तुमची जमीन बघावी लागेल. गोदाकाठाला खोल काळी माती मिळते, पण शहराच्या बऱ्याच भागांत वीतभर मातीखाली मुरूम लागतो, आणि कॉलनीच्या बागेत तर बांधकामाचा राडारोडाही गाडलेला असतो. येत्या रविवारी बागेच्या तीन कोपऱ्यांत दीड-दोन फुटांचे खड्डे घ्या. काय निघालं त्याचे फोटो काढा, मग खड्डा काठोकाठ पाण्याने भरा आणि जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाभरात गेलं तर जमीन मुरमाड आहे. तिथे कडुनिंब, बहावा, आपटा तग धरतील, पण खत आणि पालापाचोळा दुप्पट लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर खाली चिकण माती किंवा कातळ आहे. तिथे करंज आणि ताम्हण बघू, बहावा नको. तिन्ही खड्ड्यांचं काय झालं ते कळवा, त्यावरून कुठल्या कोपऱ्यात काय लावायचं ते नकाशावर मांडून देतो.